पेंटियमवर यूट्यूब: अडतं नेमकं कुठे?

जुन्या संगणकावर आजचे ऑनलाइन व्हिडिओ बघण्याबद्दल नागपुरातून बरीच पत्रं आली आहेत. त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न: आमच्याकडे पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम आणि विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ असा संगणक आहे. बाबांना त्यावर कीर्तनं आणि नाट्यगीतं बघायची आहेत. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पान उघडतच नाही. एकदा फायरफॉक्स टाकून बघितला, तर चित्र अडखळत होतं. मशीन बदलायचं नाही, बाबांची त्याच्याशी सवय जुळली आहे. काय करता येईल? — एक वाचक, महाल

उत्तर: तुम्ही सांगितलेल्या दोन तक्रारींची कारणं अगदी वेगळी आहेत. पान न उघडणं हा जोडणीचा प्रश्न आहे. चित्र अडखळणं हा प्रोसेसरच्या ताकदीचा. दोन्ही एकत्र सोडवायला गेलं की रॅम वाढवूनही पान उघडत नाही आणि माणूस कंटाळून जातो. म्हणून आधी जोडणी बघू.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती २००२ किंवा २००३ दाखवत असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांमध्येच वैध असतं. संगणकाला वाटतं की ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, आणि तो जोडणी नाकारतो. सेल सीआर २०३२ नंबरचा, ३ व्होल्टचा असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. प्लग काढून सेल बदला, चालू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख-वेळ भरा. मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजून बघा. २.७ व्होल्टच्या खाली असेल तर तो ठेवण्यात अर्थ नाही.

तारीख बरोबर असूनही इंटरनेट एक्स्प्लोरर चालणार नाही. एक्सपीवर त्याची ८ ही शेवटची आवृत्ती, आणि तो सांकेतिक जोडणीसाठी विंडोजच्याच यंत्रणेवर अवलंबून असतो. एक्सपीमधली ती यंत्रणा टीएलएस १.० या जुन्या सुरक्षापद्धतीवर थांबली आहे. आजचे सर्व्हर १.२ च्या खाली बोलत नाहीत. फायरफॉक्स आणि क्रोम ही यंत्रणा स्वतःबरोबर आणतात, म्हणून तुमच्याकडे फायरफॉक्समध्ये निदान चित्र दिसलं. पण एक्सपीसाठी फायरफॉक्स ५२ ईएसआरवर (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीवर) आणि क्रोम ४९ वर थांबला. आजची पानं त्यांना नीट पेलत नाहीत. क्रोमियमवरून एक्सपीसाठी तयार केलेला सुपरमियम, किंवा फायरफॉक्सवरून केलेला मायपाल, यांपैकी एक घ्या.

सुपरमियमला सर्व्हिस पॅक ३ लागतो. त्याची पूर्ण फाइल सुमारे ३१६ एमबीची आहे. ती दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या कॅटलॉगमधून उतरवा आणि पेनड्राइव्हने आणा. एक्सपीमधून थेट अपडेट घ्यायच्या नादी लागू नका. सर्व्हिस पॅक ३ चा आणखी एक फायदा म्हणजे वाय-फायची डब्ल्यूपीए २ ही सुरक्षापद्धत त्याच्यासोबत येते. राउटर फक्त डब्ल्यूपीए ३ वर ठेवलेला असेल तर एक्सपी त्याला जोडलंच जाणार नाही. अशा वेळी सरळ लॅनची केबल लावा.

आता रॅम. ५१२ एमबीमध्ये यूट्यूबचं एक पान मावत नाही. विंडोज हार्डडिस्कवर जागा उसनी घेऊ लागतं, आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला दिसतो. किमान १ जीबी, शक्यतो २ जीबी करा. तुमच्या काळातल्या बोर्डवर बहुधा १८४ पिनांची डीडीआर रॅम असते. डीडीआर २ ची खाच वेगळ्या जागी असते, ती जोर लावूनही बसत नाही. सीताबर्डीच्या बाजारात घ्यायला जाल तेव्हा जुनी पट्टी सोबत न्या. 'हाय डेन्सिटी' लिहिलेली स्वस्त १ जीबीची पट्टी घेऊ नका. इंटेल चिपसेटचे बरेच बोर्ड ती ओळखत नाहीत किंवा अर्धीच दाखवतात. जमलं तर अख्खं कॅबिनेट घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा.

एवढं झाल्यावर अडखळण्याकडे वळू. ३६० पी, म्हणजे ३६० ओळींच्या, चित्रात २,३०,४०० ठिपके असतात. ७२० पीमध्ये त्याच्या चौपट, १०८० पीमध्ये नऊपट. शिवाय ते ठिपके कोणत्या पद्धतीने दाबून पाठवले आहेत, यावर प्रोसेसरचे कष्ट ठरतात. एच.२६४ जुनी पद्धत आहे आणि उलगडायला हलकी आहे. व्हीपी९ आणि एव्ही१ कमी डेटात चांगलं चित्र देतात, पण त्याची किंमत तुमचा प्रोसेसर मोजतो. ब्राउझर सांगेल की 'मला व्हीपी९ येतं', तर यूट्यूब तेच पाठवतं. म्हणून 'एच२६४आयफाय' हे एक्स्टेन्शन टाका. ते ब्राउझरला नव्या पद्धतींबद्दल गप्प बसवतं, आणि यूट्यूब एच.२६४ पाठवतं. दर्जा ३६० पी किंवा २४० पी ठेवा.

तरीही आमचं स्पष्ट मत ऐका. २.४ गिगाहर्ट्झच्या एकल प्रोसेसरवर ब्राउझरमधून बघणं कष्टाचंच राहील. व्हिडिओ उलगडण्यापेक्षा यूट्यूबच्या पानावरच्या स्क्रिप्टच त्याला जास्त दमवतात. तोच ३६० पीचा एच.२६४ व्हिडिओ फाइल म्हणून व्हीएलसी या मोफत प्लेयरमध्ये लावला, तर तुमचं मशीन तो आरामात चालवेल. व्हीएलसीची ३.० मालिका एक्सपी सर्व्हिस पॅक ३ वर चालते. तेव्हा इंटरनेटवरून आणायचं काम दुसऱ्या उपकरणाला द्या आणि दाखवायचं काम पेंटियमला द्या.

फाइल कुठून आणायची, हे नीट बघावं लागेल. फोनवरच्या यूट्यूब ॲपमधलं 'डाउनलोड' ॲपच्या आतच राहतं, त्याची फाइल बाहेर काढता येत नाही. आणि अन्य मार्गाने उतरवणं त्यांच्या अटींत बसत नाही. पण ज्या कीर्तनकारांनी, संस्थांनी स्वतःच्या संकेतस्थळावर फाइल उतरवायला दिली आहे, इंटरनेट आर्काइव्हवर जे खुलं आहे, किंवा तुमच्या घरच्या कार्यक्रमांचं जे चित्रण आहे, ते मोकळेपणाने घ्या. फोनवर फाइल आली की फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये एफटीपी सर्व्हरची (फोनमधल्या फाइली संगणकाला देण्याची) सोय शोधा. बऱ्याच फाइल मॅनेजरमध्ये ती असते. ती सुरू केली की फोनवर एक पत्ता दिसेल. एक्सपीच्या 'माय कॉम्प्युटर'मधल्या पत्त्याच्या पट्टीत तो जसाच्या तसा टाइप करा. फोनचे फोल्डर उघडतील, फाइल ओढून डेस्कटॉपवर टाका. फोन आणि संगणक एकाच राउटरवर हवेत. काम झालं की सर्व्हर बंद करा. विंडोज १० किंवा ११ च्या लॅपटॉपवरून फोल्डर शेअर करायला जाल तर एक्सपीला तो दिसणार नाही, कारण एक्सपीला एसएमबी या फोल्डर शेअर करण्याच्या पद्धतीची फक्त पहिली आवृत्ती कळते आणि नव्या विंडोजमध्ये ती बंद असते. ती मुद्दाम चालू करू नका. तिच्यातल्या त्रुटीतूनच २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम पसरला होता.

व्हीएलसीमध्येही किंचित अडखळलं तर प्रेफरन्सेसमध्ये 'इनपुट / कोडेक्स' उघडा आणि एच.२६४ चा लूप फिल्टर वगळण्याचा पर्याय 'ऑल'वर ठेवा. चित्राच्या कडा जरा चौकटी-चौकटीच्या दिसतील, पण प्रोसेसरचा भार चांगलाच उतरेल. त्यानेही भागलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेलचं (हार्डडिस्क ज्यावर जोडलेली असते त्याचं) 'करंट ट्रान्सफर मोड' बघा. तिथे 'पीआयओ' लिहिलं असेल तर डिस्कमधून वाचण्याचं सगळं ओझं प्रोसेसर वाहतो आहे. डिस्क वाचताना वारंवार चुका झाल्या की एक्सपी आपणहून या संथ पद्धतीवर येतं आणि तिथेच राहतं. ते चॅनेल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करा, विंडोज त्याला नव्याने ओळखेल. काही दिवसांत पुन्हा पीआयओ दिसलं तर आयडीईची पट्टी बदला, ८० तारांची घ्या. त्यानंतरही तेच झालं तर डिस्क जायला आली आहे, त्यावरचं सगळं आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.

शेवटची सूचना कळकळीची आहे. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेची नियमित दुरुस्ती मिळत नाही. बाबांना कीर्तन बघू द्या, पण त्या मशीनवर बँक, यूपीआय, ईमेल यांचा पासवर्ड एकदाही टाकू नका.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, वय ६८. पेंटियम ३, ८०० मेगाहर्ट्झ, २५६ एमबी, विंडोज ९८ सेकंड एडिशन. नातवाने शाळेच्या स्नेहसंमेलनाची व्हिडिओ लिंक पाठवली आहे. मूळ फाइलही त्याच्याकडे आहे. या संगणकावर बघता येईल का? — धरमपेठ

उत्तर: बाई, नक्की बघता येईल. लिंक मात्र विसरा. आजच्या ब्राउझरना प्रोसेसरमधल्या एसएसई२ नावाच्या सूचना लागतात आणि त्या पेंटियम ३ मध्ये नाहीत. त्या पेंटियम ४ पासून आल्या. कितीही रॅम टाकली तरी हे बदलत नाही. नातवाकडची मूळ फाइल तुमच्या संगणकाला झेपेल अशा रूपात आणायची आहे. पुढचं नातवाला वाचून दाखवा.

एव्हीडिमक्स हा मोफत प्रोग्राम घ्यायचा. व्हिडिओसाठी एक्सव्हिड, आवाजासाठी एमपी३, आणि वेष्टन एव्हीआय. आकार ५१२ बाय २८८. सरासरी बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) ८०० केबीपीएस, आवाज १२८ केबीपीएस. एक्सव्हिडच्या सेटिंगमध्ये 'क्यूपेल', 'जीएमसी' आणि 'बी-फ्रेम्स' तिन्ही बंद. यांनी फाइल थोडी सुबक होते, पण ८०० मेगाहर्ट्झला घाम फुटतो. फोनने चित्रण सेकंदाला ६० चौकटींनी (फ्रेम्सनी) केलं असेल तर ३० करा. २५ करू नका, ६० ला २५ ने नीट भाग जात नाही आणि चालणारी माणसं झटके देत चालतात. या मापाने एक तासाची फाइल सुमारे ४१८ एमबी होते. म्हणजे ७०० एमबीच्या सीडीवर सुमारे १ तास ४० मिनिटांचा कार्यक्रम मावतो.

आणायला सीडीच उत्तम. विंडोज ९८ ला पेनड्राइव्हचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, आणि तो टाकायलाही सीडीच लागते. सीडी-आर घ्या, सीडी-आरडब्ल्यू नको, जुन्या ड्राइव्हला ती वाचायला त्रास होतो. ८ एक्स किंवा १६ एक्स वेगाने लिहा. ड्रायव्हर असेल आणि पेनड्राइव्हच वापरायचा असेल, तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. यूएसबी १.१ वरून ४१८ एमबी उतरायला सात-आठ मिनिटं सहज लागतात, मध्येच काढू नका. आणि पेनड्राइव्हवरूनच चालवू नका, आधी हार्डडिस्कवर उतरवा.

चालवायला मीडिया प्लेयर क्लासिक ६.४.९ ची विंडोज ९८ साठीची आवृत्ती आणि सोबत एक्सव्हिड कोडेक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डडिस्कच्या गुणधर्मांत 'डीएमए'वर (प्रोसेसरवर भार न टाकता डिस्क वाचण्याच्या सोयीवर) टिक आहे ना, एवढं बघा. विंडोज ९८ मध्ये ती बहुतेकदा नसते, आणि तिच्याशिवाय चित्र दर काही क्षणांनी थबकतं.

यातलं काहीच जमलं नाही तर व्हीसीडीचा जुना मार्ग आहेच. एमपीईजी-१, ३५२ बाय २८८, ११५० केबीपीएस. चित्र भुरकट दिसेल, पण विंडोज ९८ ला त्यासाठी वेगळं काहीच टाकावं लागत नाही.

प्रश्न: एका संकेतस्थळावर 'फ्लॅश प्लेयर अपडेट करा' असं येतं. कुठून घेऊ? — इतवारी

उत्तर: कुठूनही घेऊ नका. अडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो स्वतःच मजकूर दाखवायचं नाकारतो. आज फ्लॅशचं 'अपडेट' देऊ करणारं पान तुमच्या संगणकात काहीतरी घुसवायला बसलं आहे. यूट्यूबला तर २०१५ पासूनच फ्लॅशची गरज उरलेली नाही. जुन्या एफएलव्ही (फ्लॅश व्हिडिओच्या) फाइली तुमच्याकडे असतील तर त्या व्हीएलसीमध्ये चालतात. एसडब्ल्यूएफ (फ्लॅश ॲनिमेशनच्या) फाइली असतील तर दुसऱ्या, नव्या संगणकावर 'रफल' हा फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्राम वापरून बघा.

प्रश्न: मुलगी स्पर्धा परीक्षेचे वर्ग ऑनलाइन बघते. कोअर २ ड्युओ ई७४००, ४ जीबी डीडीआर२, जी३१ बोर्ड, विंडोज ७. ७२० पी लावलं की आवाज पुढे आणि चित्र मागे. ४८० पी ठीक चालतं, पण फळ्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत. क्रोम म्हणतो अपडेट मिळणार नाही. — मानेवाडा

उत्तर: हे मशीन ७२० पीसाठी पुरेसं आहे. अडथळा कुठे आहे ते आधी डोळ्यांनी बघा. व्हिडिओवर उजवी क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेक्सच्या (दाबण्याच्या पद्धतीच्या) ओळीत 'एव्हीसी१' असेल तर एच.२६४ येतं आहे, 'व्हीपी०९' असेल तर व्हीपी९, 'एव्ही०१' असेल तर एव्ही१. त्याच खिडकीत गाळलेल्या चौकटींचा (ड्रॉप्ड फ्रेम्सचा) आकडाही दिसतो. तो भराभर वाढत असेल तर प्रोसेसर कमी पडतो आहे. तो स्थिर आहे आणि तरी चित्र थांबतं, तर दोष इंटरनेटचा आहे, संगणकाला हात लावू नका.

आमचा अंदाज व्हीपी९ किंवा एव्ही१ चा आहे. यूट्यूबच्या खात्यात 'प्लेबॅक अँड परफॉर्मन्स'मध्ये एव्ही१ फक्त कमी दर्जासाठी ठेवण्याचा पर्याय आहे, पण तुम्हाला ते कुठेच नको आहे. म्हणून इथेही एच२६४आयफायच टाका. त्यातच सेकंदाला ६० चौकटींचे व्हिडिओ रोखायची सोय आहे, तीही चालू करा. फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकांसाठी ३० चौकटी भरपूर झाल्या. या दोन बदलांनी ७२० पी बसायला हवं. ६० चौकटींचे व्हिडिओ यूट्यूबवर ७२० पीपासून वरच मिळतात. तुमचं ४८० पी सुरळीत चालण्यामागे हेही कारण असू शकतं.

ग्राफिक्स कार्ड घ्यावं का, असा मोह होईल. जी३१ मधलं अंगचं ग्राफिक्स एच.२६४ उलगडायला मदत करत नाही. जीटी ७१० सारखं साधं कार्ड करतं. पण व्हीपी९ मात्र तेही उलगडत नाही, म्हणजे कार्ड लावूनही एक्स्टेन्शन लागेलच. आधी एक्स्टेन्शन लावून बघा, बहुधा कार्डाचे पैसे वाचतील.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची १०९ आणि फायरफॉक्सची ११५ ईएसआर या तिथल्या शेवटच्या. तुमचा प्रोसेसर ६४ बिटचा आहे, तेव्हा लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून बघा. हार्डडिस्कवर काही न टाकता ती वापरून बघता येते. आवडली तर १२० किंवा २४० जीबीची एसएसडी घेऊन तीवर टाका आणि जुनी डिस्क जशीच्या तशी कपाटात ठेवा. मुलीच्या अभ्यासासाठी ही खर्च करण्यासारखी गोष्ट आहे. अभियांत्रिकीचे विषय असतील तर आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमातली व्याख्यानं फाइल म्हणून उतरवता येतात. व्हीएलसीमध्ये ती दीडपट वेगाने लावली तरी हे मशीन दमणार नाही.

प्रश्न: आमच्या डीटीपीच्या दुकानात पॉवर मॅक जी४, १.२५ गिगाहर्ट्झ, ओएस १०.४ टायगर अजून चालतो. जुन्या फाइलींसाठी ठेवला आहे. त्यावर छपाईचे शिकवणी व्हिडिओ बघता येतील? — सीताबर्डी

उत्तर: ब्राउझरमधून नाही. पॉवरपीसीसाठीचा (तुमच्या जी४ सारख्या जुन्या मॅक प्रोसेसरसाठीचा) टेनफोरफॉक्स ब्राउझर बराच काळ तग धरून होता, पण त्याचा विकास २०२१ मध्ये थांबला. फाइल मात्र छान चालते. टायगरसोबत आलेल्या क्विकटाइम ७ ला एच.२६४ येतं. नव्या संगणकावर हँडब्रेक या फाइलचं रूप बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये एमपी४, एच.२६४, प्रोफाइल 'बेसलाइन', लेव्हल ३.०, ६४० बाय ३६०, सरासरी ७०० केबीपीएस, आवाज एएसी १२८ केबीपीएस असं ठेवा. बेसलाइन यासाठी की 'हाय' प्रोफाइलमधल्या दाबण्याच्या युक्त्या त्या क्विकटाइमला नीट कळत नाहीत, आणि जी४ ला जडही जातात. तासाला सुमारे ३७३ एमबी होतात. व्हीएलसी हवाच असेल तर १०.४ साठी ०.९.१० ही आवृत्ती, १०.५ लेपर्ड असेल तर २.०.१०. पुढच्या आवृत्त्या पॉवरपीसीवर सुरूच होत नाहीत.

प्रश्न: पेंटियम ४, ३ गिगाहर्ट्झ. जानेवारीत सिनेमा पूर्ण बघितला. आता मे महिन्यात वीस मिनिटांत चित्र संथ होतं आणि मग संगणक बंद पडतो. व्हायरस असेल का? — सक्करदरा

उत्तर: व्हायरस नाही, ऊन आहे. ३ गिगाहर्ट्झचा प्रेस्कॉट पिढीचा पेंटियम ४ पूर्ण भारावर ८० वॉटच्या पुढे उष्णता टाकतो. टायपिंग करताना हे जाणवत नाही, पण व्हिडिओ त्याला सतत राबवतो. नागपुरात बाहेर ४५ आणि खोलीत ३८-४० असताना पंख्याला थंड हवाच मिळत नाही. प्रोसेसर आधी स्वतःचा वेग घटवतो, तेच तुमचं संथ होणारं चित्र. तरीही तापला की बंद पडतो.

कॅबिनेट उघडून उष्णताशोषकाच्या पट्ट्यांमध्ये बसलेला धुळीचा थर बघा, अर्धा दोष तिथेच असतो. मऊ ब्रशने काढा, पंख्याची पाती बोटाने धरून. प्रोसेसर आणि शोषक यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट दहा-पंधरा वर्षांची असेल तर सुकून खडू झालेली असते. ती बदलताना ४७८ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या ४७८ पिनांच्या जागेत) एक धोका आहे. सुकलेल्या पेस्टने प्रोसेसर वरच्या भागाला चिकटतो आणि सरळ वर ओढला की सॉकेट बंद असतानाही पिनांसकट उपटून येतो. पिना वाकल्या की संपलं. म्हणून आधी संगणक दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, क्लिप सोडवा, आणि शोषक डावी-उजवीकडे हलके पिळत सैल करा, मगच उचला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसा. नवी पेस्ट तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी, मधोमध. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही, उलट उष्णता अडते.

कॅबिनेट उघडंच आहे तर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर बघा. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा तपकिरी द्रव सुकलेला दिसला, तर पेस्ट बदलून भागणार नाही. त्या काळातल्या अनेक बोर्डांवर सदोष कपॅसिटर लागले होते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचे आणि 'लो ईएसआर' (कमी अंतर्गत रोधाचे) घ्या. पट्टीची ऋण बाजू उलटी लागली तर चालू करताच फुटतो.

आणि कूलर. नागपूरकर उन्हाळ्यात संगणकाचं टेबल हमखास कूलरच्या झोतात सरकवतात. असं करू नका. ती हवा ओली असते, सोबत पाण्यातले क्षारही उडतात, आणि बोर्डावर पांढरी पूड बसून रॅमचे संपर्क खराब होतात. टेबल झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि खिडकी उघडी राहू द्या, म्हणजे कूलरची हवा खोलीतून वाहती राहते. मोठा व्हिडिओ असेल तर मे महिन्यात सकाळी नऊच्या आत किंवा रात्री लावा. आणि बंद पडला की लगेच चालू करू नका, निदान पंधरा मिनिटं थांबा.